आधी नक्कल

लायब्ररी म्हटलं की आई विचारते, पुस्तकं किती?
पुस्तकं नाहीत गं. सुटे भाग आहेत.
रेझिस्टर, रिले, डायोड, त्यांच्या पायांची चित्रं,
कुठला पाय कुठं टेकतो त्याचा हिशोब.
धागा तुटला की यंत्रमाग थांबवणारं कार्ड
आम्ही बनवतो, अक्कलकोट रोडला, पत्र्याखाली.
कार्डाआधी ही लायब्ररी लागते,
भाकरीआधी परात लागते तशी.

म्याकल काकांनी ती अकरा वर्षं रचली,
एकट्यानं, ज्या संगणकावर
तो मागच्या मेमध्ये व्होल्टेज चढून गेला.
नव्यावर उघडली तर दोनशे सदतीस लाल ओळी.
हे सापडत नाही. ते सापडत नाही.
याचं चित्र ज्या ड्राइव्हवर आहे, तो ड्राइव्हच नाही.
एकच रिले दोनदा, दोन नावांनी.
एका ट्रान्झिस्टरला चौथा पाय फुटलेला.
एका फोल्डरचं नाव ‘खरी’, दुसऱ्याचं ‘खरी नवीन’,
तिसऱ्याचं ‘हात लावू नये’.

प्रभुलिंग म्हणाला, टूल हाय की,
दाब बटण, एका दमात सगळं सरळ करतंय.
मी म्हटलं, थांब बे.
पप्पा तीस वर्षं जेकार्डवर होते.
एक धागा तुटला म्हणून त्यांनी कधी बीम कापला नाही.

आधी नक्कल. अख्ख्या लायब्ररीची, तारीख घालून.
एक इथंच, दुसरी पेनड्राइव्हवर,
पेनड्राइव्ह शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात
(लसणाचा वास अजून जात नाही).
मग टूलला सांगितलं, नुसतं वाच.
काय बदलशील ते बोल, बदलू नकोस.
ते बोललं. चौदा पानं बोललं.
मी पंख्याखाली पेन्सिल घेऊन बसले,
पानं उडू नयेत म्हणून वर सोल्डरचं रीळ.

पन्नास दुरुस्त्या. थांबले.
जुनं एक कार्ड उघडून बघितलं, उघडलं.
पुढच्या पन्नास.
तिसऱ्या पन्नाशीच्या मध्येच वीज गेली,
आली तेव्हा फाइल अर्धीच लिहिलेली,
शेवटची ओळ एका आकड्यावर लोंबकळत.
प्रभुलिंग काही बोलला नाही.
मी डबा उघडला.

संध्याकाळी एकच तक्रार उरली.
रिले, आर-सात. दोन पायांतलं अंतर
तक्त्यातल्या मापापेक्षा आठ दशांश मिलिमीटर जास्त.
दुरुस्त करू? टूलनं अदबीनं विचारलं.
बोट ‘हो’वर गेलंही होतं.

काकांना फोन लावला. मोतीबिंदू, नीलम नगर, मागं टीव्हीचा गोंगाट.
‘आर-सात?’ टीव्ही बंद झाला.
‘पोरी, नवी पेठेत मिळतोय तो रिले
फताड्या पायाचा येतोय.
तक्त्यातला आपल्याकडं कधी आलाच न्हाई.
ऐंशी कार्डं भंगारात घातली तवा कळलं मला.’
मग बराच वेळ नुसता श्वास.
‘तिथंच लिवून ठेवायला पायजे होतं मी.’

‘नाही’ दाबलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
माप मुद्दाम. नवी पेठेचा रिले. म्याकल यांनी सांगितलं.
खाली तारीख आणि माझं नाव, नागमणी,
पुढच्या माणसाला फोन लागेलच असं नाही.

टूल अजून ती ओळ पिवळी दाखवतं.
दाखवू दे.
कार्डं जातायत, माग थांबतायत, थांबायचं तिथंच.

‘हात लावू नये’मध्ये काय आहे
ते मी अजून उघडलेलं नाही.
नक्कल मात्र काढून ठेवलीय.